दोन बोटं

पाऊस ओसरला, सोयाबीन सोंगायला आलं आणि हवेतली ओल कमी झाली, की माझ्या उजव्या अंगठ्यावरची जुनी चीर तडकते. लहानपणी माती कापायच्या तारेनं अंगठा आडवा कापला गेला होता, त्याची ही खूण. बाकीचं वर्ष ती निमूट असते. आश्विनाच्या तोंडावर मात्र लाल होते, हुळहुळते, आणि बायको खोबरेल तेलाची बाटली माझ्यासमोर आपटते.

"लावा. नाईतर देवीच्या गालाले रक्त लावून ठेवसान."

मी कळंबचा कुंभार. चाकाशी माझं जमलं नाही म्हणून शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, पण माती काही सुटली नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गणपती उठले की मी यवतमाळला जातो आणि देवीच्या मूर्तींना हात लावतो. आमच्याकडे गणपतीपेक्षा देवीची धूम मोठी, त्यामुळे या दिवसांत मातीत हात घालणारा माणूस रिकामा बसत नाही. दुपारी मांडवातून बाहेर पडावं तर रस्त्यावर झेंडूचे ढीग, थ्रेशरची धूळ अंगावर घेऊन आलेले ट्रॅक्टर, ऑटोवाल्यांची सवारीवरून चाललेली हुज्जत, आणि डोक्यावर ते पांढरं, चटका देणारं ऊन. एके काळी हा मोसम मला फार आवडायचा. आता आवडतो म्हणताना जीभ अडखळते.

यंदा याच दिवसांत टीव्हीवर जगातल्या मोठ्या मैदानी स्पर्धा लागल्या होत्या. सकाळी चहा घेता घेता पुरुषांच्या लांब उडीची अंतिम फेरी दाखवत होते. मी चॅनल बदलणार होतो. दरवेळी बदलतोच. पण रिमोट बायकोच्या हातात होता आणि ती भाजी निवडता निवडता एका उंच, काटकुळ्या उडीपटूत गुंतली होती. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या मागितल्या. सगळं मैदान ठेक्यात टाळ्या वाजवू लागलं. तो धावला, फळीवर पाय पडला, आणि हवेत दोन पावलं टाकून पार खड्ड्याच्या शेवटाकडे जाऊन पडला. टाळ्यांचा ठेका मोडून नुसता गलका झाला. आणि लगेच लाल झेंडा.

मग पडद्यावर तो पाय मोठा करून दाखवला. फळीची कड, बुटाचं टोक, मधे नखाएवढं अंतर. उडीपटू कमरेवर हात ठेवून पडद्याकडे पाहत होता. त्यानं पाहिलं, मान हलवली, आणि निघून गेला. निवेदक सांगत होता की आता फळीच काढून टाकायचा विचार चालू आहे. पाय जिथून उठला तिथूनच उडी मोजायची, म्हणजे फाउलची भानगडच नको.

"बरं आहे बाप्पा," बायको म्हणाली. "मशीन पाह्यते. माणसाच्या डोयावर काई भरोसा नाई."

मी उठून अंगणात गेलो. अंगठा तोंडात धरला, लहान मुलासारखा.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे मशीन नव्हतं. फळीशेजारी लोखंडी खुर्ची टाकून एक माणूस बसवायचे. त्याच्या एका हातात पांढरा झेंडा, दुसऱ्यात लाल. फळीच्या पुढे मऊ मातीची एक पट्टी भरलेली असायची. धावत आलेल्याचा पाय फळीच्या कडेपलीकडे गेला की त्या पट्टीवर ठसा उमटतो. ठसा दिसला की लाल, कोरी राहिली की पांढरा. एवढा सोपा कारभार. शहरात त्या पट्टीसाठी विकतची प्लास्टिसिन आणत. आमच्याकडे ओला गाळ थापायचे, तो अर्ध्या तासात वाळून भेगाळायचा आणि मग भांडणं.

आमच्या शाळेत वानखडे सर खेळ शिकवायचे. मैदानावर कसली अडचण आली की त्यांना माणसं आठवत, आणि त्या वर्षी जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धेच्या वेळी त्यांना मी आठवलो.

"अहो, तुम्ही कुंभार," ते म्हणाले. "तुमच्या घरी मातीले काय तोटा? पट्टी तुम्हीच भरा अन् खुर्चीवरही तुम्हीच बसा. ठसा तुमच्याइतका कोनाले वाचता येनार?"

मी चिकणमाती चाळून मळली. ती लवकर वाळू नये म्हणून तीत जवसाचं तेल घातलं. यवतमाळच्या मोठ्या मैदानावर त्या दिवशी सकाळी मी ती पट्टी भरली तेव्हा खेळशिक्षक वाकून वाकून पाहायला आले. लोण्यासारखी माती होती ती. करंगळी टेकवली तरी उमटायची. वानखडे सरांनी लाउडस्पीकरवरून सांगून टाकलं, की यंदा लांब उडीला तक्रारीला जागाच नाही, आपल्या सरांना मातीवरून माणूस ओळखता येतो. मी हसून हात हलवला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला कधीच शिडी लागली नाही.

अजूनही उन्हात तापलेल्या जवसाच्या तेलाचा वास आला की मी तिथून उठतो. आमच्या घरी जवसाची चटणी होते. बायकोला वाटतं, मला ती आवडेनाशी झाली.

नागसेन राजूरचा. वणीकडच्या कोळशाच्या खाणीत त्याचे वडील कामाला होते. वीस वर्षांचा असेल. उंच नव्हता, पण पोटऱ्या अशा, की मूर्ती घडवणाऱ्याला हात शिवशिवावे. बाकीच्यांबरोबर कोणी मास्तर, कोणी काका, कोणी अख्खं गाव आलं होतं. हा पहाटेच्या एसटीनं एकटाच आला होता. डब्यात पोळ्या आणि बेसन. बूट कॅनव्हासचे, एकाच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. धावपट्टीच्या कडेला त्यानं आपली खूण म्हणून एक काळा दगड ठेवला, पाटावर देव ठेवावा तशा काळजीनं. उडीपटूचं सगळं त्या खुणेवर असतं. तिथून पावलं मोजलेली असतात. खूण बरोबर असेल तर फळी न बघता पाय फळीवर पडतो. फळीकडे बघावं लागलं, की उडी गेलीच.

नागसेन फळीकडे बघत नव्हता. पाच उड्यांत एकदाही नाही. समोरच्या लिंबाच्या शेंड्याकडे नजर, आणि पाय आपोआप फळीवर. मी खुर्चीवरून पाच वेळा पांढरा झेंडा वर केला आणि पाचही वेळा मला मनातून बरं वाटलं. तरी तो दुसरा होता. पहिल्या नंबरावरच्या उडीपटूच्या उडीशी खड्ड्याच्या कडेला खूण म्हणून एक वीट ठेवली होती. जिल्ह्यातून पहिल्याचंच नाव पुढे राज्याच्या स्पर्धेला जाणार होतं. नागसेनची एक उडी शिल्लक होती.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या जातीच्या माणसालाच कळेल. कुंभाराला मातीजवळ बसवून हात मांडीवर ठेव म्हणणं म्हणजे आचाऱ्याला रश्शाची चव पाहू नको म्हणण्यासारखं आहे. माती वाळली का, हे आम्ही डोळ्यांनी पाहत नाही, अंगठा दाबून पाहतो. त्या शेवटच्या उडीच्या आधी एक मूर्तिकार माझ्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला आणि देवीचे चेहरे कधी करून देता म्हणून विचारू लागला. मी त्याच्याशी बोलत होतो. ऊन चढलं होतं, पट्टी वाळली तर नाही ना, असं मनात आलं असावं. बोलता बोलता माझा हात खाली गेला. मला आठवत नाही. आठवत नाही म्हणूनच सांगतो, की गेला असणार.

नागसेन धावत आला. कॅनव्हासच्या बुटांचा मातीवर थप थप आवाज, मग फळीवर एकच खणखणीत ठोका, आणि मग काही नाही. बराच वेळ काही नाही. तो विटेच्या पुढे पडला. थोडाथोडका नाही, मी बसल्या जागेवरून सांगू शकत होतो, चांगला हातभर पुढे. लोक ओरडले. मी पट्टीकडे पाहिलं. एक गोल खळगा. बुटाच्या टोकाचा खळगा असाच गोल असतो. माझा उजवा हात लाल झेंडा घेऊन वर गेला.

"फाउल," वानखडे सर ओरडले, आणि खड्ड्याजवळच्यांनी फावडी घालून रेती सारखी केली. फाउल उडी मोजत नाहीत. ती उडी कोणत्याही कागदावर नाही.

मी पट्टी सारखी करायला वाकलो, आणि खळग्याच्या मधून गेलेली आडवी रेघ मला दिसली. माझ्या अंगठ्याची चीर. लहानपणापासून मी केलेल्या प्रत्येक बैलावर, प्रत्येक गणपतीच्या पाटावर ती कुठे ना कुठे उमटलेली असते, आणि आई ती पुसायची. मग मी फळीकडे पाहिलं. पांढऱ्या रंगावर कॅनव्हासच्या बुटाचा धुळीचा ठसा होता, ट्यूबच्या तुकड्यासकट. पट्टीपासून दोन बोटं अलीकडे. पूर्णपणे अलीकडे.

नागसेन खड्ड्यातून उठून माझ्याकडेच येत होता. खेळाडूला ठसा पाहायचा हक्क असतो. माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी ते पट्टीवरून फिरवलं. नंतर फळीवरूनही फिरवलं.

एवढंच. हे सगळं एका श्वासात झालं, आणि तो श्वास मी अजून पुरता सोडलेला नाही. मी झेंडा मागे घेतला असता तर काय झालं असतं? रेती सारखी झाल्यामुळे ती उडी मोजता आली नसती, पण त्याला आणखी एक उडी मिळाली असती. पाच मिनिटांचं काम. चार लोक हसले असते, मातीवरून माणूस ओळखणाऱ्या सरांना स्वतःचाच अंगठा ओळखता आला नाही म्हणून वानखडे सरांनी आठवडाभर टोमणे मारले असते. मी एका माणसाची उडी त्या आठवडाभराच्या टोमण्यांपायी पुसली.

आणि आणखी एक गोष्ट आहे. ती मी कित्येक वर्षं स्वतःलाही सांगत नव्हतो. त्या वेळी मी आजूबाजूला पाहिलं होतं. नागसेनच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. त्याचे मास्तर नव्हते, काका नव्हते, राजूरच्या खाणीतल्या एका बौद्ध मजुराच्या मुलासाठी टेबलावर हात आपटणारं त्या मैदानावर कोणी नव्हतं, आणि हे मला दिसत होतं. एखाद्या बड्या घरचा मुलगा असता तर मी फडकं फिरवलं असतं का? याचं उत्तर मला ठाऊक आहे. ते मला आवडत नाही.

संध्याकाळी एसटी स्टँडवर तो मला भेटला. मी कळंबच्या गाडीची वाट पाहत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, हा वणीच्या गाडीनं निघून गेलेला असू दे. तो गेला नव्हता. पिशवी खांद्यावर, दगड हातात. आपला काळा दगड त्यानं मैदानावरून परत आणला होता.

"सर," तो म्हणाला, "रागवू नका. येक इचारू का? पाय किती गेलता?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशोब चुकला तर मुलगा जसा मास्तराला विचारतो, नेमका कुठे चुकला, तसा तो विचारत होता. स्टँडवर भज्यांचा वास होता, कंडक्टर घंटी ओढत होता, आणि आम्हा दोघांच्या मधे कोणी नव्हतं. खरं बोलायला यापेक्षा चांगली जागा देवानं मला पुन्हा दिली नसती. मी उजव्या हाताची दोन बोटं वर केली.

"दोन बोटं," मी म्हणालो.

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, स्वतःची दोन बोटं त्यांच्याशेजारी धरून जाडी ताडून पाहिली आणि मान हलवली. "मले वाटलं, पाय बरोबर पडला म्हनून. तुमी सांगतलं ते बरं झालं, सर. आता खून दोन बोटं मांगं घेतो."

मी गाडीत चढलो. खिडकीतून तो हात हलवताना दिसला.

चूक माझ्या अंगठ्यानं केली, पण खोटं माझ्या बोटांनी सांगितलं, आणि चुकीपेक्षा खोट्याचं आयुष्य मोठं निघालं. पुढच्या वर्षी याच दिवसांत तो पुन्हा आला. मी पुन्हा खुर्चीवर होतो. नाही म्हणायचं धैर्यही माझ्यात नव्हतं, कारण वानखडे सरांनी विचारलं असतं, काय झालं. नागसेननं दगड ठेवला आणि मग वाकून तो दोन बोटं मागे सरकवला. धावत आला. फळी जवळ आली तशी त्याची नजर लिंबाच्या शेंड्यावरून खाली उतरली, थेट माझ्या मातीवर. पाय चाचरला. तो फळीच्या बराच अलीकडून उडाला. सहा वेळा तसंच. मी सहा वेळा पांढरा झेंडा वर केला, आणि दर झेंड्यासरशी मला वाटत होतं, की लाल बरा होता. त्यानंतरच्या वर्षी तो आला नाही. वडिलांनंतर खाणीत लागला, डंपर चालवू लागला, असं कळलं.

नवसाला पावणारा म्हणून आमच्या गावच्या चिंतामणीची ख्याती आहे. जमिनीखालच्या त्याच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना मी कित्येकदा ठरवलं, की आज नागसेनला एक पत्र टाकायचं. वर चढेपर्यंत मला बाजारातली कामं आठवायची.

मधे फोन आले, मोबाइल आले. नागसेननं माझा नंबर कुठून तरी मिळवला आणि दरवर्षी या मोसमात त्याचा फोन येऊ लागला. सर, तब्येत कशी, अंगठा तडकला का, देव्या किती झाल्या. माझा अंगठा तडकतो हे त्याला ठाऊक आहे, मीच कधीतरी बोललो होतो. प्रत्येक फोनला मी आधी त्याचं नाव बघतो, दोन घंट्या वाजू देतो, आणि मग उचलतो.

यंदाही आला. ती अंतिम फेरी झाली त्याच दिवशी, दुपारी.

"सर, पाह्यली का लांब उडी? त्या लंब्याचा पाय येवढासा पुढं गेला ना, मले तुमचीच याद आली." तो हसत होता. "आयका ना. आमच्या विहाराच्या मांगं रिकामी जागा आहे, तिथं म्या खड्डा खंदून राह्यलो. नदीची रेती टाकली. पोरीपोरं पंधरा-वीस येतेत. आमी दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जाऊन आलो का मंग पयली चाचनी घेतो. झेंड्याले तुमीच पायजे. अन् तुमची ती तेलाची माती आना."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो नाई, सर. माही प्रज्ञा आहे त्याइच्यात. पोरगी बारावीत आहे. तिचा पाय तुमच्यासारख्या मानसानं पाह्यला पायजे."

फोन ठेवला आणि मी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिला माझ्या कोलेस्टेरॉलपासून पेन्शनपर्यंत सगळं ठाऊक, हे नव्हतं. ती भाजीची पाटी बाजूला सारून ऐकत बसली. मी संपवल्यावर मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी तिला सांगितलं होतं.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "माहा पाय होता का तो?"

मग उठून आत गेली आणि जवसाच्या तेलाची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी ओल्या फडक्यात मातीचा गोळा बांधून निघालो. दोन एसट्या बदलल्या. खिडकीबाहेर कापसाची बोंडं नुकती फुटू लागली होती, सोंगलेल्या सोयाबीनच्या गंज्या उभ्या होत्या. राजूरजवळ आल्यावर झाडांची पानं काळसर झाली. स्टँडवर नागसेन उभा होता. कानशिलावरचे केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, पोटऱ्या अजून त्याच. तो माझ्या पाया पडला. मी मागे सरकलो तर त्याला वाटलं, मी संकोचलो.

विहारामागच्या जागेवर सगळं मांडून ठेवलं होतं. लाकडी फळी, पांढऱ्या रंगाची. शेजारी प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर दोन झेंडे, त्याच्या बायकोनं शिवलेले, लालच्या कडेला बारीक टाका. मी गुडघे टेकून पट्टी भरू लागलो. भोवती मुलंमुली गोळा झाली, आणि नागसेन त्यांना सांगू लागला.

"हे ते सर. याहीनंच मले धरलं होतं. दोन बोटं. दुसरा कोनी असता तर सोडून देल्लं असतं, पन याहीनं नाई सोडलं. म्हनून म्या तुमाले सांगतो ना, खून बसली का तिच्यातून दोन बोटं मांगं. का सांगतो मी, प्रज्ञा?"

"दोन बोटं मांगं," उंच वेणीची एक पोर म्हणाली. धावपट्टीच्या कडेला दगड ओळीनं मांडले होते. ते सगळे दोन बोटं मागे होते, एका माणसाच्या खोट्यापायी.

मी त्याला बाजूला बोलावलं नाही. बाजूला बोलावलं असतं तर माझी हिंमत वाटेतच गळाली असती. मी तिथेच, गुडघ्यांवर, ओल्या पट्टीत उजवा अंगठा दाबला आणि उचलला.

"नागसेन, हे पाह्य," मी म्हणालो. "त्या दिवशी मातीत हे होतं. माझा अंगठा होता. ही रेघ दिसते का? तुझा पाय नव्हता. तुझा पाय फळीवर होता, दोन बोटं अलीकडं. मी पाहिलं होतं. तू येईपर्यंत मी पुसून टाकलं."

तो वाकला. खळग्यात बोट घालून त्यानं ती रेघ चाचपली, जशी डॉक्टर जखम चाचपतो. मग माझा हात धरून अंगठा उलटा केला, चीर पाहिली, हात सोडून दिला. दूर कुठे डंपर रिव्हर्स घेत असल्याची शिटी वाजत होती.

"म्हंजे पाय बरोबर होता," तो म्हणाला.

"हो."

"म्या घरी आल्यावर बाबाले म्हनलं होतं, पाय बरोबर पडला. बाबा म्हने, सर कायले खोटं बोलतीन." त्यानं बोटाची माती पँटला पुसली. "बाबा तेच मनात धरून गेले."

मी काहीतरी बोललो असेन. माफी मागितली असेन. ते शब्द मला आठवत नाहीत आणि त्यानंही ऐकले नसावेत.

"झेंडा लाल राहू देला असता तरी चाललं असतं, सर," तो अखेर म्हणाला. आवाज चढवला नाही. "लोकाइच्या समोर तुमची इज्जत होती, ते समजते मले. पन सांजच्याले मी यष्टी स्टँडवर आलतो ना तुमच्यापाशी. येकटाच होतो. तवा निस्तं येवढं सांगाचं होतं, का बेटा, पाय तुहा बरोबर होता. बाकी म्या पाहून घेतलं असतं."

पंचवीस वर्षांत मी स्वतःला शंभर प्रश्न विचारले होते, त्यात हा नव्हता.

तो धावपट्टीकडे चालत गेला. फळीकडे पाठ करून उलटी पावलं मोजत गेला, ओठांतल्या ओठांत, आणि जिथे थांबला तिथे दगड ठेवला. या वेळी तो मागे सरकवला नाही. चपला काढल्या, पँटचे पाय दुमडले. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, गुडघा," त्यानं हातानंच तिला गप्प केलं. मी घाईघाईनं पट्टीवरचा माझा अंगठा पुसला आणि खुर्चीत बसलो. दोन्ही हात मांडीवर, बोटं झेंड्यांभोवती आवळून.

तो धावला. पंचेचाळिशीचा, डंपरच्या सीटवर आयुष्य काढलेला माणूस, जड, धापा टाकत. पण मान वर होती. नजर विहाराच्या कळसावर. फळीवर ठोका पडला, अनवाणी पायाचा, मऊ. तो फार लांब गेला नाही. रेतीत गुडघ्यांवर पडला आणि तसाच राहिला.

मी पट्टी पाहिली. कोरी होती. पांढरा झेंडा वर केला तर त्यानं तिकडे पाहिलंच नाही.

"मोजा," तो म्हणाला.

प्रज्ञानं टेपचं टोक त्याच्या टाचेच्या खुणेपाशी धरलं आणि मी उरलेला टेप ओढून फळीच्या कडेला आणला. आकडा वाचायला टेप कडेवर दाबून धरावा लागतो. मी अंगठा दाबला. चिरेतून थोडं रक्त आलं होतं आणि त्यानं टेप अंगठ्याखालून निसटत होता, आकडे पुढे-मागे होत होते.

रेतीत बसल्या बसल्या नागसेननं माझ्याकडे पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "अंगठा हालवू नका."